मचूळ विहिरी : किनारपट्टीवरील वैद्य व औषधनिर्माते यांनी करावयाचा विचार

आयुर्वेदीय औषधनिर्माणात परिमाणाने सर्वाधिक वापरले जाणारे द्रव्य कोणते, असा प्रश्न केल्यास आपण बहुधा हरीतकी, गुडूची अथवा गूळ यांपैकी एखादे नाव घेऊ. वस्तुतः ते द्रव्य जल होय. क्वाथासाठी एक भाग औषधीस सोळा भाग जल आपण घेतो. औषधी खरेदी करताना तिचा देश, संग्रहकाल, वीर्य, कीड, ओल या सर्वांची परीक्षा होते. जल मात्र नळाची तोटी सोडली की आले, एवढ्यावर आपण थांबतो. देशावरील औषधशाळांना हे काही अंशी चालून जाते. वसई-पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंत ज्यांची औषधशाळा किंवा चिकित्सालय खाडीच्या अथवा समुद्राच्या सान्निध्यात आहे, त्यांना मात्र ते परवडणारे नाही. तेथील अनेक विहिरींचे पाणी आश्विनात गोड असते आणि वैशाखात मचूळ होते. विहीर तीच, रहाट किंवा पंप तोच, परंतु पाण्याचे गुणकर्म पालटलेले असते. या पालटाचा रुग्णाच्या पथ्यावर व औषधाच्या गुणवत्तेवर काय परिणाम होतो, आणि त्याबाबत आपण काय करू शकतो, याचा ऊहापोह करण्याचा आमचा येथे प्रयत्न आहे.

प्रारंभी शब्दाविषयी एक खुलासा आवश्यक वाटतो. व्यवहारात पाण्यात विरघळलेल्या सर्व घन पदार्थांना 'क्षार' म्हणतात. आपल्या शास्त्रात क्षार ही स्वतंत्र कल्पना असल्याने गोंधळ टाळण्यासाठी आम्ही येथे 'लवणे' हा शब्द योजला आहे.

शास्त्राची भूमिका

आंतरिक्ष जल आणि भौम जल हा भेद आपणा सर्वांस परिचित आहे. आकाशातून पडणारे जल एकरस असते. भूमीवर पडल्यावर ते त्या त्या भूमीचे गुण घेते. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात भूमिभेदाने जलाचे रसभेद वर्णन करताना ऊषर भूमीतील जल लवणरसयुक्त असल्याचे सांगितले आहे. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात कौप, ताडाग, सारस, नादेय इत्यादी जलांचा विचार केला असून समुद्रजलास विस्रगंधी, लवण व सर्वदोषप्रकोपक मानले आहे. कूपजल व समुद्रजल अशी दोन स्वतंत्र जले तेथे वर्णिलेली आहेत. आज आपल्यापुढे असलेला प्रश्न हा की, किनाऱ्यावरील कूपात या दोहोंचे मिश्रण होऊ लागले आहे.

लवणाच्या अतियोगाविषयी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात पिप्पली, क्षार आणि लवण या तीन द्रव्यांचा अतिवापर टाळावा असे सांगितले आहे. तेथे सतत लवण सेवन करणाऱ्या जनपदांची उदाहरणे देताना बाह्लीक, सिंधू व सौवीर यांच्याबरोबर सौराष्ट्राचाही उल्लेख येतो. तो संदर्भ आहारातील लवणाचा आहे, पाण्यातील नव्हे. परंतु एखाद्या संपूर्ण प्रदेशाच्या लवणसेवनाकडे वैद्याने लक्ष द्यावे, ही दृष्टी त्यातून निःसंशय मिळते. त्याच स्थानाच्या तिसऱ्या अध्यायात वायू, जल, देश व काल यांच्या विकृतीने होणारा जनपदोद्ध्वंस वर्णिला आहे. जलाच्या विकृतीचा परिणाम व्यक्तिगत प्रकृती न पाहता सर्वांवर होतो, हे त्या विवेचनाचे सार होय.

समुद्र विहिरीत कसा येतो

किनाऱ्यालगतच्या जमिनीखाली पावसाचे मुरलेले गोडे पाणी व समुद्राकडून येणारे खारे पाणी एकमेकांस लागून असतात. खारे पाणी जड. गोड्या पाण्याची घनता १ धरल्यास समुद्रजलाची सुमारे १.०२५ असते. त्यामुळे खारे पाणी खाली पाचरीसारखे जमिनीच्या दिशेने शिरलेले असते आणि गोडे पाणी त्यावर तरंगत राहते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घायबेन या डच अभियंत्याने व १९०१ मध्ये हर्झबर्ग या जर्मन अभियंत्याने या समतोलाचे गणित स्वतंत्रपणे मांडले. त्यानुसार भूजलाची पातळी समुद्रसपाटीहून १ मीटर वर असेल तर समुद्रसपाटीखाली सुमारे ४० मीटर खोलीपर्यंत गोडे पाणी मिळते.

हे गणित उलट दिशेने वाचले पाहिजे. उपशाने ती पातळी अर्धा मीटर खाली गेली, तर समतोल साधेपर्यंत खाऱ्या पाण्याची सीमा कालांतराने २० मीटर वर सरकते. प्रत्यक्षात खडकाचे थर, भेगा, भरती-ओहोटी यांमुळे हे प्रमाण तंतोतंत उतरत नाही. तथापि थोड्या उपशाचा मोठा परिणाम का होतो, हे त्यावरून समजते. खोल कूपनलिकेतून जोराने पाणी ओढल्यास खालचे खारे पाणी तिच्या तळाशी शंकूसारखे वर चढते. म्हणूनच किनाऱ्यावर 'पाणी मचूळ लागले, आणखी खोल जाऊ' हा विचार बहुधा अंगलट येतो.

कोकणात २,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडत असताना हा प्रश्न का उद्भवावा, असे कोणी विचारील. पाऊस चार महिन्यांत पडतो. सह्याद्रीपासून समुद्र जवळ आणि उतार तीव्र. जांभ्याच्या सच्छिद्र थरात मुरलेले पाणी झऱ्यांवाटे लवकर निघून जाते. काळ्या कातळात साठवण मर्यादित. पुळणीच्या वाळूतील गोड्या पाण्याचा थर पातळ असतो. पूर्वी रहाटाने आगरास शिंपले जाई तेव्हा या थरातून दिवसभरात जेवढे पाणी निघे, तेवढे आज विजेचा पंप अल्पावधीत काढतो. त्यात पर्यटन निवासांची भर पडली आहे. खाडीतून वाळू उपसल्यास तळ खोल होऊन भरतीचे पाणी अधिक आत येते. खारभूमीचे बांध फुटले की खाजणातील पाणी लगतच्या विहिरींना लागते. समुद्राची सरासरी जागतिक पातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटिमीटर वाढली, हेही कारण आहे. परंतु आपल्या हातात असलेले कारण उपसा हेच होय.

अन्य किनाऱ्यांचा अनुभव याहून कठोर आहे. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर सिंचनासाठी झालेल्या उपशामुळे खारे पाणी आत शिरले आणि १९७० च्या दशकात गुजरात शासनास त्यासाठी उच्चस्तरीय समित्या नेमाव्या लागल्या. नदीमुखांवर भरती रोखणारे दरवाजे, बंधारे व पुनर्भरणाचे कालवे हे उपाय तेथे योजण्यात आले. चेन्नईच्या उत्तरेस मिंजूर परिसरातील भूजलात समुद्र शिरल्याचे १९६० च्या दशकाच्या अखेरीसच लक्षात आले होते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडू व श्रीलंकेतील असंख्य विहिरी खाऱ्या झाल्या. त्या स्वच्छ करण्यासाठी वारंवार उपसल्या गेल्या, तेव्हा काही ठिकाणी खालचे खारे पाणीच वर ओढले गेले. मचूळ विहीर उपसून गोड होते ही समजूत किनाऱ्यावर त्याज्य मानावी, हा त्यातून मिळालेला धडा होय.

रुग्णाच्या पथ्यात न दिसणारे लवण

समुद्रजलात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम लवणे असतात. त्यांपैकी क्लोराइड १९ ग्रॅमच्या आसपास व सोडियम १०.८ ग्रॅमच्या आसपास. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० : २०१२ या मानकानुसार पेयजलात क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा दर लिटरला २५० मिलिग्रॅम असून, अन्य स्रोत उपलब्ध नसल्यास १,००० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. शंभर भाग विहिरीच्या पाण्यात समुद्रजलाचा जेमतेम सव्वा भाग मिसळला तरी पहिली मर्यादा गाठली जाते. पाच भागांत दुसरी.

क्लोराइड ५०० मिलिग्रॅम असलेले पाणी उदाहरणार्थ घेऊ. समुद्रजलाच्या प्रमाणाने हिशेब केल्यास त्यात दर लिटरला सुमारे २७५ मिलिग्रॅम सोडियम येते. उन्हाळ्यात अडीच लिटर पाणी पिणाऱ्याच्या शरीरात केवळ पाण्यातून सुमारे ६९० मिलिग्रॅम सोडियम जाते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, अशी मर्यादा सुचविलेली आहे. तिचा तिसरा हिस्सा अन्नाचा घास घेण्यापूर्वीच संपतो. असे पाणी पिणाऱ्यास ते खारट लागतेच असे नाही. वर्षानुवर्षांच्या सवयीने जिव्हा त्यास सरावते. 'आमच्या विहिरीचे पाणी गोड आहे' हे रुग्णाचे विधान प्रामाणिक असूनही विश्वासार्ह नसते.

शोथ, हृद्रोग, वृक्कविकार वा उच्च रक्तदाब असलेला आणि अलवण आहाराचे पालन निष्ठेने करणारा, तरीही चैत्र-वैशाखात सूज वाढलेला रुग्ण किनाऱ्यावरील प्रत्येक व्यवसायबंधूंच्या पाहण्यात येत असेल. अशा वेळी आपण रुग्णाच्या पथ्यपालनावर संशय घेतो, नाहीतर औषधाची मात्रा वाढवितो. त्याच्या घरचे पाणी कोठून येते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ऋतूमुळे होणारी व्याधिवृद्धी आणि ऋतूमुळे बदललेले पाणी यांत भेद करावयाचा असेल तर या एका प्रश्नावाचून गत्यंतर नाही.

या संदर्भात सर्वाधिक चर्चिले गेलेले संशोधन बांगलादेशाच्या खुलना जिल्ह्यातील दाकोप येथील आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तेथील गर्भिणींना कोरड्या ऋतूत केवळ पेयजलातून दिवसाला ५ ते १६ ग्रॅम सोडियम मिळत असल्याचा अंदाज मांडला गेला. पावसाळ्यात हेच प्रमाण ०.६ ते १.२ ग्रॅम होते. गर्भावस्थेतील उच्च रक्तदाबाचे प्रमाणही कोरड्या ऋतूत अधिक आढळले. आपल्या किनाऱ्यावरील स्थिती इतकी तीव्र क्वचितच असेल. शिवाय विषयाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच देशाच्या किनाऱ्यावरील २०१९ च्या एका अभ्यासात सौम्य मचूळ पाणी पिणाऱ्यांचा रक्तदाब गोडे पाणी पिणाऱ्यांपेक्षा किंचित कमी आढळला, आणि त्याचे श्रेय अशा पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांस देण्यात आले. म्हणजे मचूळ पाणी दिसताच भीती घालणे शास्त्रीय नव्हे. ज्यांस लवण वर्ज्य आहे असे रुग्ण, गर्भिणी आणि वरचे दूध घेणारी अर्भके यांच्याबाबत मात्र सावधगिरी अनिवार्य आहे.

औषधशाळेत काय घडते

पाणी आटते, लवणे आटत नाहीत. औषधशाळेतील सर्व दोष या एका वाक्यात सामावलेले आहेत.

वरील ५०० मिलिग्रॅम क्लोराइडचे पाणीच घेऊ. चतुर्थांश अवशेष ठेवलेल्या क्वाथात सोडियम चौपट, म्हणजे लिटरला सुमारे १,१०० मिलिग्रॅम होते. अष्टमांश क्वाथात सुमारे २,२०० मिलिग्रॅम. असा अष्टमांश क्वाथ ८० मिलिलिटर मात्रेत दिवसातून दोन वेळा दिल्यास रुग्णास औषधातूनच सुमारे ३५० मिलिग्रॅम सोडियम मिळते. पिण्याच्या पाण्यातील ६९० त्यात मिळविल्यास दिवसाच्या मर्यादेतील निम्म्याहून अधिक वाटा संपला. हा क्वाथ पुनर्नवाष्टकाचा असेल व रुग्ण शोथाचा असेल, तर आपण एका हाताने देत आहोत आणि दुसऱ्या हाताने काढून घेत आहोत.

घनाची स्थिती अधिक चिंताजनक आहे. एक किलो औषधीसाठी १६ लिटर पाणी वापरल्यास त्यातील सुमारे १४ ग्रॅम लवणे घनात उतरतात. मूळ घन १०० ग्रॅम मिळत असेल, तर तयार मालाचा आठवा हिस्सा समुद्राचे मीठ ठरतो. उत्पादन वाढल्याचे समाधान मिळते, जलविद्राव्य सत्त्वाचे प्रमाणही कागदावर चांगले दिसते. परंतु एकूण भस्मप्रमाण वाढलेले आढळते. समुद्रलवणातील मॅग्नेशियम क्लोराइड आर्द्रता शोषून घेणारे असल्याने असा घन व त्याच्या वट्या पावसाळ्यात चिकट होतात. दोष पॅकिंगचा मानला जातो, तो अनेकदा पाण्याचा असतो.

अरिष्टांत क्वाथ आटवूनच घेतला जात असल्याने लवणे संहत होऊन येतात. लवणाधिक्याने किण्वाचे कार्य मंदावते व संधानास विलंब लागतो. उन्हाळ्यात घातलेली अरिष्टे व पावसाळ्यानंतर घातलेली अरिष्टे यांच्या संधानकालात फरक पडत असल्यास तापमानाबरोबर पाण्याचीही नोंद तपासावी. क्षारनिर्माणात तर भस्म पाण्यात कालवून, गाळून ते पाणी पूर्णतः आटवावयाचे असते. मचूळ पाण्याने केलेल्या अपामार्गक्षारात सामान्य मीठ मिसळलेले असणे अपरिहार्य होय, आणि क्षारसूत्रासाठी तो वापरणाऱ्यास त्याची तीक्ष्णता कमी का हे कळत नाही. भावना द्यावयाच्या चूर्णांतही प्रत्येक भावनेगणिक लवणे साठत जातात. याखेरीज क्लोराइडमुळे ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलवर सूक्ष्म खड्डे पडतात, आणि कठीण पाण्याने बाष्पकात थर बसतो, हा आर्थिक भुर्दंड वेगळाच.

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील २००० साली लागू झालेल्या अनुसूची 'टी' मध्ये निर्मितीसाठी वापरावयाचे पाणी शुद्ध व पिण्यायोग्य असावे, अशी अट आहे. परवान्याच्या वेळी एकदा काढलेला अहवाल भिंतीवर लावून ही अट पूर्ण होत नाही. तो नमुना कोणत्या महिन्यातील होता, हे पाहणे आवश्यक आहे.

काय उपयोगी नाही, काय उपयोगी आहे

पाणी उकळल्याने जंतुदोष जातो, लवणे उलट वाढतात. शृतशीत जलाचा उपदेश करताना किनाऱ्यावर हे ध्यानी ठेवावे. कतक म्हणजे निवळी, तसेच तुरटी, वस्त्रगालन, वाळूची गाळणी यांनी गढूळपणा जातो. विरघळलेले लवण जात नाही. सुश्रुताचार्यांनी कतकादी उपाय कलुष जलाच्या प्रसादनासाठी सांगितले आहेत, लवणहरणासाठी नव्हे. पाणी मृदू करणारी यंत्रे कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम सोडतात. बाष्पकासाठी ती ठीक, पिण्यासाठी व क्वाथासाठी नव्हेत.

व्यस्त परासरणाचे, अर्थात आरओचे यंत्र लवण काढते. मात्र त्यातून बाहेर पडणारे संहत पाणी त्याच विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडल्यास लवण पुन्हा विहिरीत येते.

सर्वोत्तम उपाय शास्त्रानेच सांगितला आहे, तो म्हणजे आंतरिक्ष जल. १०० चौरस मीटर छपरावर २,५०० मिलिमीटर पाऊस पडल्यास अडीच लाख लिटर पाणी येते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी दोन लाख लिटर उरते. लहान औषधशाळेच्या उन्हाळी क्वाथांस याचा थोडा अंशही पुरेल. पहिल्या पावसाचे व अकाली पावसाचे पाणी घेऊ नये, हा वाग्भटाचार्यांचा संकेत आजही जसाच्या तसा पाळावा. छपरावरची धूळ, पक्ष्यांची विष्ठा त्या पाण्याबरोबर निघून जाते. पागोळीचे पाणी बंदिस्त, सावलीतील टाकीत साठवावे आणि टाकी भरल्यावर उरलेले गाळून विहिरीत सोडावे. त्यामुळे गोड्या पाण्याचा थर जाड होतो व खाऱ्या पाण्यास मागे रेटतो.

व्यवसायबंधूंना सूचना

१. विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी वर्षातून किमान दोनदा, पावसाळ्यानंतर व वैशाखात, तपासून घ्यावे. क्लोराइड, एकूण विरघळलेली लवणे, सोडियम, काठिण्य व नायट्रेट हे पाच घटक पुरेसे आहेत. क्लोराइडबरोबर नायट्रेटही वाढलेले असल्यास समुद्राऐवजी सांडपाण्याचा संशय घ्यावा. जिल्हा पाणी तपासणी प्रयोगशाळांत ही सोय आहे.

२. औषधशाळेत लवणमापक, म्हणजे टीडीएस मीटर, ठेवून प्रत्येक घाण्यापूर्वी पाण्याचा अंक घाणापत्रकावर लिहावा. अंक नेहमीपेक्षा दीडपट झाल्यास त्या पाण्याने क्वाथ, घन वा क्षार करू नये.

३. घन, क्षार व अरिष्टांचा क्वाथ ही कामे शक्यतो आश्विन ते पौष या काळात उरकावीत. उन्हाळ्यात चूर्णे, तैले, अवलेह यांस प्राधान्य द्यावे.

४. रुग्णपत्रकात 'पेयजलाचा स्रोत' असा एक रकाना असावा. शोथ, हृद्रोग, वृक्कविकार, उच्च रक्तदाब व गर्भिणी या रुग्णांस विहिरीची खोली, खाडीपासूनचे अंतर आणि उन्हाळ्यातील चव विचारावी. घरी क्वाथ करावयास सांगताना कोणत्या पाण्याने, तेही सांगावे.

५. मचूळ विहीर खोल करणे, तिच्यात आडवे-उभे बोअर मारणे वा ती उपसून काढणे यांपूर्वी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाचा सल्ला घ्यावा. दिवसभर थोडे थोडे पाणी काढणे एकदम जोराने काढण्यापेक्षा हितावह असते.

शेवटची सूचना संघटनेस उद्देशून आहे. किनाऱ्यावरील प्रत्येक तालुका शाखेने सभासदांच्या विहिरींचे आश्विन व वैशाखातील अंक एका वहीत नोंदविण्यास प्रारंभ करावा. यास फारसा खर्च नाही. पाच-सात वर्षांत कोणत्या गावात समुद्र किती आत आला, याची नोंद आपल्याजवळ तयार होईल. ग्रामपंचायतीपुढे उपशावर मर्यादा घालण्याचा विषय येईल, तेव्हा वैद्यांनी नुसते मत न मांडता आकडे मांडावेत. जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात विकृत जलाची लक्षणे सांगितली आहेत ती वैद्याने ती वेळीच ओळखावीत म्हणून. आपल्या विहिरींचे वैशाखातील पाणी या वर्षी तपासून घ्यावे, ही सर्व किनारवासी व्यवसायबंधूंना आमची विनंती.